राउटर बदलला आणि बॅकअपचा डबा दिसेनासा झाला? असा परत जोडा

वैशाखातली लग्नं संपता संपता चोपड्याहून मामेभावाचा फोन आला. तो लग्नाचे फोटो काढतो. "दादा, नवीन फायबर बसवलं आणि डबा दिसून नाही राहिला. सगळे फोटो गेले का?" डबा म्हणजे त्याच्या दुकानातला नॅस, नेटवर्कला जोडलेला बॅकअपचा ड्राइव्ह. अकरा लग्नांचे फोटो त्यात होते आणि त्यातल्या चार घरांना अजून अल्बम द्यायचे होते. सकाळपासून तो जेवलाही नव्हता.

फोटो जागेवरच होते. संध्याकाळपर्यंत आम्ही फोनवर बोलत बोलत डबा परत जोडला. त्या दिवशी त्याला जे क्रमाने सांगितलं, तेच इथे लिहितोय. ज्यांनी हे काम कधीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी.

आधी एवढं समजून घ्या

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी पत्ता देतो. घरगुती पत्ते बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतात. पुढचा तिसरा आकडा राउटरगणिक बदलतो: जिओफायबरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, इतर अनेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. जुना राउटर "१" च्या वस्तीतला होता आणि नवा "२९" च्या वस्तीतला आला, की तुमचा संगणक नव्या वस्तीत राहायला जातो. नॅसचं दोनपैकी एक होतं. तोही नवा पत्ता घेतो, पण संगणक त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. किंवा त्याला कोणीतरी पूर्वी कायमचा पत्ता लिहून दिलेला असतो, आणि तो जुन्या वस्तीतच बसून राहतो. दोन्ही वेळा डिस्कवरच्या एका अक्षरालाही धक्का लागलेला नसतो.

(या लेखात आकडे मराठीत छापले आहेत. संगणकात टाकताना ते इंग्रजी आकड्यांतच टाका, आणि मधले टिंब पूर्णविरामाचे.)

हे करू नका

हा भाग मी मुद्दाम आधी घेतलाय. राउटर बदलल्यामुळे डेटा जात नाही. तो जातो नंतरच्या घाईत.

नॅसमधली डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावू नका. बहुतेक नॅसच्या डिस्क लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेल्या असतात आणि विंडोजला ती लिपी वाचता येत नाही. मग विंडोज नम्रपणे विचारतं: डिस्क इनिशियलाइज करायची का, फॉरमॅट करायची का? तिथे "हो" म्हटलं की संपलं. मामेभावाच्या शेजारच्या दुकानदाराने त्याला नेमका हाच सल्ला दिला होता आणि स्क्रू ड्रायव्हर हातात आलेला होता. नॅसच्या स्वतःच्या स्क्रीनवरही "नवीन स्टोरेज तयार करा", "इनिशियलाइज" असलं काही दिसलं तर थांबा आणि खिडकी बंद करा.

मागचं रिसेटचं बटण हा शेवटचा उपाय आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

एक अपवाद. काही घरांत नॅस नसतोच, साधी यूएसबी हार्ड डिस्क जुन्या राउटरच्या मागे खोचलेली असते. तसं असेल तर ती सरळ संगणकाला लावून पाहा, बहुतेक वेळा लगेच उघडते. नव्या राउटरला यूएसबीची जागा आहे का, आणि असली तरी तो फाइली वाटून देतो का, ते तपासा. नसेल तर ती डिस्क संगणकालाच जोडून ठेवावी लागेल.

पायरी १: तारा

नॅसची लॅन केबल नव्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या पोर्टमध्ये, हवी. शेजारचा, बऱ्याचदा वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असतो, तिथे लावू नका. केबल लावल्यावर दोन्ही टोकांना पोर्टजवळचा छोटा दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर केबल बदलून पाहा, मग पोर्ट. जुनी केबल काढताना तिची प्लॅस्टिकची जीभ तुटते आणि मग ती पोर्टात घट्ट बसत नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

केबल काढ-घाल करायला नॅस बंद करायची गरज नाही. पण डबा उचलून दुसरीकडे ठेवायचा असेल तर आधी त्याच्या पॉवरच्या बटणाने किंवा त्याच्या पानावरून नीट बंद करा, दिवे विझू द्या, मगच प्लग काढा.

आणि जागा बदलतच असाल तर उन्हाचा विचार करा. फायबर बसवणारा माणूस त्याच्या सोयीने डबी भिंतीवर उंच ठोकतो, आणि आपण नॅसही तिथेच पत्र्याखालच्या फळीवर ठेवतो. बऱ्याच घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ किंवा ४० अंश दिलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच ४५ च्या घरात पारा असतो, मग पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. खालच्या खोलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा, लांब केबल घ्या. राउटर, फायबरची डबी आणि नॅस हे तिन्ही एका यूपीएसवर असतील तर उत्तम. लाईट जाणं-येणं हा आपल्याकडचा रोजचा प्रकार, आणि लिहिता लिहिता वीज गेलेली डिस्कला मानवत नाही.

पायरी २: नवी वस्ती कोणती ते पाहा

विंडोजमध्ये स्टार्ट दाबून "सीएमडी" ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग हा आदेश इंग्रजीत सलग लिहून एंटर दाबा. "आयपीव्ही४ ॲड्रेस" समोर तुमच्या संगणकाचा पत्ता दिसेल आणि "डीफॉल्ट गेटवे" समोर राउटरचा. दोन्ही कागदावर लिहा. मॅकवर हेच सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली, जोडणीच्या तपशिलांत मिळतं.

तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. ते आधी सोडवा, नॅसचं नंतर.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्या. घरात दोन राउटर झालेत का? फायबरची डबी स्वतःच वायफाय देते, आणि तिच्यापुढे तुम्ही आपला जुना राउटरही लावलेला असतो. मग दोन वस्त्या तयार होतात. नॅस एकीत, लॅपटॉप दुसरीत, आणि एकमेकांचं तोंड दिसत नाही. सोपा इलाज म्हणजे जुन्या राउटरला "ॲक्सेस पॉइंट मोड" मध्ये टाकणं, म्हणजे तो पत्ते वाटणं थांबवतो आणि फक्त वायफाय पुढे पोचवतो. तसंच, "गेस्ट" नावाच्या वायफायवर लॅपटॉप असेल तर तिथून नॅस दिसत नाही. गेस्ट नेटवर्क असतंच त्यासाठी.

पायरी ३: डबा शोधा

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. पासवर्ड बहुतेकदा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो. आत "कनेक्टेड डिव्हाइसेस", "डीएचसीपी क्लायंट्स" किंवा अशाच नावाची यादी असते. त्यात नॅसचं नाव शोधा. नाव ओळखू आलं नाही तर नॅसच्या तळाशी चिकटवलेला मॅक पत्ता पाहा, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक (मॅक संगणकाशी याचा संबंध नाही). तो १२ अक्षर-आकड्यांचा, दोन-दोनच्या जोड्यांत लिहिलेला असतो. तोच यादीत दिसला की शेजारचा आयपी पत्ता तुमच्या डब्याचा. सिनॉलॉजी, क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची शोधक ॲपही आहेत. ती नॅस आपोआप हुडकून देतात, आणि बऱ्याचदा वस्ती वेगळी असली तरी.

सापडलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. सिनॉलॉजीला पत्त्यानंतर विसर्गासारखी दोन टिंबं देऊन ५०००, क्यूनॅपला ८०८० जोडा, कोणी हे आकडे बदलले नसतील तर. लॉगिनचं पान आलं? मग अर्धं काम झालं. सरळ पायरी ५ वर जा.

पायरी ४: यादीत नसेल तर

दिवा लागलाय पण यादीत नाव नाही, म्हणजे बहुधा नॅसला कायमचा जुना पत्ता दिलेला आहे. मामेभावाचं हेच झालं होतं. जुना पत्ता आठवत नसेल तर संगणकातच सापडतो: "धिस पीसी" मध्ये लाल फुली पडलेला नेटवर्क ड्राइव्ह असेल, त्याच्या नावात किंवा गुणधर्मांत तो लिहिलेला असतो. समजा तो १९२.१६८.१.५० आहे.

आता संगणक थोड्या वेळासाठी जुन्या वस्तीत न्यायचा. लॅपटॉपही केबलने त्याच राउटरच्या लॅन पोर्टला लावा आणि वायफाय बंद करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, मग आयपी असाइनमेंटसमोर "एडिट". "मॅन्युअल" निवडून आयपीव्ही४ चालू करा. पत्ता १९२.१६८.१.७७, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. विंडोज १० मास्कऐवजी प्रिफिक्स मागत असेल तर २४. गेटवे मागितलंच तर १९२.१६८.१.१ द्या. सेव्ह करा. इंटरनेट बंद पडेल, पडू द्या.

आता ब्राउझरमध्ये नॅसचा जुना पत्ता टाका. उघडला की त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन "मॅन्युअल" ऐवजी "आपोआप" म्हणजे डीएचसीपी निवडा आणि सेव्ह करा. पान अडकल्यासारखं होईल, कारण नॅस त्या क्षणी नव्या वस्तीत गेलेला असतो. लॅपटॉपचं सेटिंगही लगेच आपोआपवर परत आणा. हे विसरलात तर रात्री इंटरनेट का चालत नाही म्हणून दुसरंच प्रकरण सुरू होईल. मग पायरी ३ पुन्हा करा. या वेळी तो यादीत असेल.

दुसराही मार्ग आहे: नव्या राउटरचाच पत्ता बदलून त्याला जुन्या वस्तीत आणायचं, म्हणजे लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.१.१ करायचा. ज्यांच्या दुकानात सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर, बिलिंगचा संगणक सगळेच कायमच्या पत्त्यांवर आहेत, त्यांनी हाच धरावा. एक बदल केला की सगळी यंत्रं पूर्वीसारखी बोलू लागतात. घरात एकटा नॅसच असेल तर मात्र मी पहिला मार्ग घेतो, कारण कंपनीने राउटर पुन्हा बदलला किंवा रिसेट केला की दुसऱ्या मार्गाचं काम पुन्हा करावं लागतं.

वस्ती तीच राहिली आणि नॅस लगेच दिसला, तरी कायमचा पत्ता असेल तर त्याच्या सेटिंगमधलं गेटवे (राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते शोधून देणारी सोय) पाहा. जुन्या राउटरचं गेटवे तसंच राहिलं तर घरात सगळं चालतं, पण नॅसला बाहेरचं इंटरनेट मिळत नाही. क्लाउडवर जाणारी प्रत आणि बिघाडाचे ईमेल गुपचूप बंद होतात.

आता रिसेट. पासवर्ड हरवलाय आणि वरचं काहीच लागू पडत नाही, तेव्हाच. सिनॉलॉजीचं मागचं बटण सुमारे ४ सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबलं की ॲडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीला येतात, फाइली राहतात. बीपनंतर लगेच पुन्हा दाबून धरू नका, त्याने प्रणाली नव्याने बसवण्याचा टप्पा सुरू होतो. दुसऱ्या कंपन्यांचे सेकंद आणि अर्थ वेगळे आहेत. काहींच्या बटणाने सगळंच पुसलं जातं. आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय हात लावू नका.

पायरी ५: पत्ता राखून ठेवा

नॅस सापडला की राउटरच्या पानावर "ॲड्रेस रिझर्व्हेशन" किंवा "स्टॅटिक लीज" शोधा. नॅसचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी, समजा १९२.१६८.२९.५०, तिथे नोंदवा. मग राउटर तो पत्ता दुसऱ्या कोणाला देत नाही आणि नॅसलाही काही लिहून द्यावं लागत नाही. पुढच्या वेळी राउटर बदलला तर पायरी ४ ची कटकट टळते. नॅस एकदा रीस्टार्ट करून तोच पत्ता मिळतोय ना ते पाहा.

पायरी ६: एकेक यंत्र परत जोडा

घाई इथेच होते. नॅसचं पान उघडलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि उठतात. पण बॅकअप घेणारं यंत्र अजून जुन्याच दारावर थाप मारत असतं.

विंडोजमध्ये आधी नव्या वायफायला "प्रायव्हेट" करा. नवं नेटवर्क विंडोज "पब्लिक" धरतं आणि मग आजूबाजूची यंत्रं शोधत नाही. लाल फुलीच्या जुन्या ड्राइव्हवर उजवं बटण दाबून तो डिसकनेक्ट करा. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुन्या पत्त्याच्या नावाने साठवलेला पासवर्ड काढून टाका. मग फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि नवा पत्ता: \\१९२.१६८.२९.५०. नाव-पासवर्ड मागेल. हे नॅसचं खातं, वायफायचं नव्हे. फोल्डर दिसले की हव्या त्यावर उजवं बटण दाबून "मॅप नेटवर्क ड्राइव्ह" करा आणि अक्षर पूर्वीचंच ठेवा. पूर्वी "झेड" होतं तर "झेड"च, म्हणजे बॅकअपच्या प्रोग्रामला बऱ्याचदा काही सांगावंही लागत नाही.

डबा फार जुना असेल आणि पत्ता बरोबर असूनही विंडोज उघडायला तयार नसेल, तर कारण राउटर नसून एसएमबी १ असू शकतं. फाइली वाटण्याची ही जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून पसरला, आणि त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती बंद येते. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चालू करता येतं का पाहा. विंडोजमध्ये एसएमबी १ पुन्हा चालू करायचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. तेवढ्यापुरता चालू करून फाइली दुसरीकडे उतरवणं, इतपत ठीक.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून पत्ता द्या. टाइम मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या बॅकअप प्रोग्राममध्ये, जुनं ठिकाण काढून तेच फोल्डर पुन्हा जोडा. ठिकाण काढल्याने आधीचे बॅकअप पुसले जात नाहीत. आधीचा बॅकअप सापडला, तोच वापरायचा का, असं विचारलं तर हो म्हणा, नाहीतर तो पहिल्यापासून सगळं लिहायला बसेल.

फोन विसरू नका. आमच्याकडे आई फोनवर जुने फोटो उघडायला गेली की अहिराणीत विचारते, "मना फोटू कोठे गयात?" फोटो चढवणाऱ्या ॲपमधून बाहेर पडून नव्या पत्त्याने पुन्हा लॉगिन केलं की झालं.

वेग पाहून घ्या

फायबरच्या काही डब्यांना चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) असतो, बाकीचे १०० एमबीपीएसचे. १०० च्या पोर्टावर नॅस सेकंदाला ११ एमबीच्या आसपास लिहितो, गिगाबिटवर डिस्क चांगली असेल तर ११० च्या आसपास. १ टीबी उतरवायला एकीकडे २५ तास, दुसरीकडे अडीच. गिगाबिटचा पोर्ट एकच असेल तर त्याला एक छोटा गिगाबिट स्विच (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) लावा आणि नॅस व संगणक दोन्ही स्विचला जोडा. केबल कॅट ५ई किंवा पुढची असू द्या.

बाहेरगावाहून बघायचं असेल तर

पुण्यातल्या मुलाला घरचा नॅस उघडता यायचा आणि आता येत नाही, अशी तक्रार फायबरनंतर नेहमी येते. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटतेय. त्यात पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट नॅसपर्यंत वाट करून देणं, चालत नाही, कितीही खटपट करा. नॅस कंपनीची क्विककनेक्टसारखी सोय किंवा टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरा.

आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालत असलं तरी मी ते करू देत नाही. जून २०२१ मध्ये जगभरातले वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी) कंपनीचे अनेक माय बुक लाइव्ह ड्राइव्ह इंटरनेटवरून पुसले गेले. जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कुलूपबंद केले. नव्या राउटरमध्ये यूपीएनपी (यंत्रांना राउटरमधून आपोआप वाट उघडू देणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर नॅस स्वतःच दार उघडून बसू शकतो.

पायरी ७: बॅकअप खरंच झाला का?

माझ्या घरचा राउटर पहिल्यांदा बदलला तेव्हा मी फोल्डर उघडून पाहिलं, सगळं दिसलं, आणि विषय मिटला असं धरलं. तीन आठवड्यांनी एक फाइल लागली. नव्हती. बॅकअपचा प्रोग्राम रोज रात्री जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येत होता. सुदैवाने मूळ फाइल शाबूत होती. पण त्या दिवशी पोटात जो गोळा आला, तो अजून आठवतो.

म्हणून आजच्या तारखेची एक छोटी फाइल करा, संगणकावर, बॅकअप होणाऱ्या फोल्डरमध्ये. बॅकअप हाताने सुरू करा. संपल्यावर ती फाइल दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून नॅसमध्ये उघडून बघा. मग संगणकावरची मूळ फाइल पुसा आणि बॅकअपमधून परत आणा. परत आली की बॅकअपच्या नोंदीतली शेवटची यशस्वी तारीख पाहा, आणि उद्या सकाळी पुन्हा एकदा पाहा, कारण रात्रीचं ठरलेलं काम आपोआप होतंय का ते तेव्हाच कळतं.

मामेभावाने दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या नोंदीचा फोटो पाठवला. त्याच्या डब्याच्या पाठीवर आता एक कागद चिकटवलाय: नॅसचा आयपी, मॅक पत्ता, राउटरचा पत्ता, राउटर बदलल्याची तारीख, आणि त्याखाली लाल शाईने "डिस्क काढू नये".